चिकटवहीचे पान : डिंकापासून संगणकापर्यंत



शताब्दीच्या व्याख्यानांत ग्रंथांविषयी, ग्रंथकारांविषयी, वाचनसंस्कृतीविषयी बोलले जाते. त्या पंक्तीत चिकटवही येऊन बसली याचे काहींना नवल वाटेल. चिकटवही ही शाळकरी मुलांची, सुट्टीतली, फार तर क्रिकेटपटूंची चित्रे जमवण्याची गोष्ट, असा समज रूढ आहे. परंतु कागदाचा एक तुकडा वेचावा, तो दुसऱ्या तुकड्याशेजारी ठेवावा आणि दोहोंच्या मध्ये चार शब्द लिहून ठेवावेत, ही आवड फार जुनी आहे. आणि ज्या संस्थेने शंभर वर्षे कागद सांभाळला तिला ती परकी नाही. आज हीच आवड डिंक-कात्री सोडून संगणकाच्या पडद्यावर आली आहे. तेथे तिला काय लाभले आणि काय हातचे जाण्याचा संभव आहे, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय.

मराठी मुलखात चिकटवहीची थोरली बहीण म्हणजे बाड. कीर्तनकाराने, मठातल्या शिष्याने अथवा एखाद्या हौशी गृहस्थाने आवडलेली पदे, अभंग, आरत्या उतरून घ्याव्यात. त्यांतच कोठे औषधाचा पाठ, कोठे देण्याघेण्याची नोंद यावी. आणि हे सारे एका दोऱ्यात बांधलेले राहावे. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी परंपरेतील अशी बाडे जपलेली आहेत. बाडाचा कर्ता कवी नसतो, वेचणारा असतो. तरीही त्याने काय घेतले आणि काय सोडले यावरून तो माणूस ओळखता येतो.

इंग्लंडात १७६९ मध्ये जेम्स ग्रेंजर या धर्मोपदेशकाने त्या देशाचा चरित्रात्मक इतिहास प्रसिद्ध केला. त्यात चित्रे नव्हती. वाचकांनी ठिकठिकाणांहून व्यक्तिचित्रे मिळवून ती त्या ग्रंथात बसवण्यास आरंभ केला, आणि हा छंद इतका फोफावला की चित्रांसाठी दुसरी चांगली पुस्तके फाडली जाऊ लागली. ग्रंथपालांच्या अंगावर काटा यावा असाच हा प्रकार. इंग्रजी भाषेला मात्र त्यामुळे ग्रेंजरच्या नावाचे एक क्रियापद मिळाले. पुढे शंभर वर्षांनी, १८७३ मध्ये, अमेरिकेत मार्क ट्वेनने आपोआप चिकटणाऱ्या वहीचे पेटंट घेतले. पानांवर डिंकाचा लेप आधीच दिलेला. पाण्याचा हात फिरवावा आणि कात्रण दाबून बसवावे. जगाला हसवणाऱ्या या लेखकाने हा उद्योग मात्र गंभीरपणे केला, आणि तो चांगला चालला.

त्याच काळात जर्मनीतील छापखाने रंगीत शिळाछापाची छोटी चित्रे तक्त्यांवर छापून विकू लागले. फुले, पक्षी, बालके, देवदूत, सारे उठावदार आणि कडेने नेटके कापलेले. घरी आणावे, सुटे करावे, वहीत लावावे. आज संगणकासाठी जे सजावटीचे संच विकले जातात त्यांचे खरे पूर्वज हेच. दुसऱ्याने काढलेले फूल आपल्या पानावर ठेवण्याची सोय नवी नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

हिंदुस्थानात या धाग्याचे एक टोक बडोद्याशी बांधलेले आहे. राजा रविवर्मा यांनी महाराज सयाजीराव गायकवाडांसाठी पौराणिक चित्रमालिका रंगवली. त्रावणकोरचे आणि पुढे बडोद्याचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनी, आपल्या चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात असे रविवर्म्यांना सुचवले होते. १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्यांचा शिळाछापखाना निघाला आणि लक्ष्मी, सरस्वती, दमयंती घरोघर पोहोचल्या. पुष्कळ घरांतील स्त्रियांनी या छापील देवतांना जरीचे काठ चिकटवले, टिकल्या लावल्या, खऱ्या कापडाची लुगडी नेसवली. छापखान्यातून हजारो एकसारख्या प्रती निघाल्या. परंतु ज्या घरात सुई चालली त्या घरातील लक्ष्मी त्या घराचीच झाली. संचातून स्वतःचे पान कसे होते याचे इतके सुबक उदाहरण दुसरे नाही.

आता डिंकाच्या वहीचे दुखणे. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यात लिग्निन नावाचे द्रव्य राहते, ते उजेडाने आणि हवेने पिवळे पडते आणि कागद आम्लधर्मी होऊन ठिसूळ बनतो. कात्रण ज्या पानावर असते त्याच्या समोरच्या पानावरही त्याची तपकिरी सावली उमटते. ग्रंथालयातील जुनी मासिके उलटताना ज्यांच्या बोटांना कागदाचा भुगा लागला आहे त्यांना हे सांगणे नको. छायाचित्रांच्या वह्यांचे हाल आणखी वाईट झाले. १९७० आणि १९८० च्या दशकांत गोंदाच्या पट्ट्यांची, वर प्लास्टिकचे पारदर्शक आवरण असलेली पाने लोकप्रिय झाली. फोटो ठेवा, आवरण ओढा, काम झाले. काही वर्षांत गोंद पिवळा पडला आणि छायाचित्रे पानाला अशी चिकटली की काढू जाता फाटू लागली. सोयीने केलेले जतन कधीकधी नाशाचे कारण होते, ते असे.

या दुखण्यावर उपाय शोधण्याची चळवळ अमेरिकेतील यूटा प्रांतात उभी राहिली, आणि ती तेथेच का, याला कारण आहे. त्या प्रांतातील मॉर्मन पंथीयांत वंशावळ शोधणे आणि घराण्याच्या नोंदी ठेवणे हे धार्मिक कर्तव्य मानले जाते. १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटी येथे अभिलेखांची जागतिक परिषद भरली, तेव्हा मॅरिलेन ख्रिस्तेन्सन या गृहिणीने आपल्या कुटुंबाच्या पन्नासाहून अधिक वह्या तेथे मांडल्या. छायाचित्रे संरक्षक पाकिटांत आणि प्रत्येकाशेजारी लिहिलेली हकीकत, अशी त्यांची रचना होती. पाहणाऱ्यांनी साहित्य कोठे मिळते हे विचारून भंडावले, तेव्हा १९८१ मध्ये ख्रिस्तेन्सन पतिपत्नींनी स्पॅनिश फोर्क या गावी दुकानच काढले. पुढे या छंदाचा मोठा व्यापार झाला; आम्लरहित कागद, नक्षीच्या कात्र्या, फिती, ठसे यांनी दुकाने भरली. बारा इंच लांब, बारा इंच रुंद असे चौरस पान रूढ झाले. मूळ प्रेरणा मात्र विसरू नये : ती सजावटीची नव्हती, नोंदीची होती.

संगणकावर आलेले पान या चौरसाचेच प्रतिबिंब आहे. १९९० मध्ये फोटोशॉप ही आज्ञावली बाजारात आली, २००१ मध्ये तिची घरगुती आवृत्ती निघाली; जिम्प नावाची विनामूल्य आज्ञावलीही आहे. तत्त्व सर्वत्र एकच, थरांचे. काचेच्या तावदानांची चळत डोळ्यांसमोर आणावी : सर्वांत खाली कागद, त्यावर छायाचित्र, त्यावर चौकट, त्यावर फीत, आणि वर अक्षरे. कोणतेही तावदान सरकवावे, लहानमोठे करावे, काढून टाकावे. खालच्याला धक्का लागत नाही. डिंकाच्या वहीत एकदा चुकलेले चुकलेच, येथे पुनःपुन्हा मांडता येते. मूळ छायाचित्राला कात्री लागत नाही, हा तर सर्वांत मोठा लाभ.

संचात साधारणपणे दहा-वीस नक्षीचे आणि साधे कागद असतात, आणि चौकटी, फिती, गुंड्या, फुले, टाके, टाचण्या असे सुटे अलंकार असतात. कागद जेपीजी पद्धतीच्या फाईलींत येतात. अलंकार बहुधा पीएनजी पद्धतीत, कारण १९९६ मध्ये प्रमाणित झालेल्या या पद्धतीत कडेबाहेरचा भाग पारदर्शक राखता येतो. म्हणजे कात्रीचे काम संच करणाऱ्याने आधीच उरकलेले असते. बारा इंची पान एका इंचाला तीनशे बिंदू या मानाने छापायचे, तर ते ३६०० बिंदू लांब आणि तितकेच रुंद असावे लागते. एकूण बिंदू १ कोटी २९ लाख ६० हजार. न दाबता साठवलेले एक पान सुमारे ३९ मेगाबाइट भरते. जुन्या लवचिक तबकड्यांवर ठेवायचे म्हटले तर २७ तबकड्या लागल्या असत्या.

पानाची रचना कशी करावी? परदेशी मार्गदर्शिकांत याचे पुष्कळ नियम आहेत; मराठी घरात मात्र पान वाढण्याचे शास्त्र आधीपासून आहेच. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, भाताची मूद मध्ये. ताटातली मोकळी जागाही मोकळीच शोभते. चिकटवहीच्या पानावरही मूद एकच असावी : एक मुख्य छायाचित्र, आणि बाकीचे त्याच्या मानाने लहान. रंग छायाचित्रातूनच उचलावेत. मुंजीच्या फोटोत बटूची सोवळ्याची तांबडी किनार दिसत असेल तर तोच तांबडा पानावर दोन-तीन ठिकाणी यावा. नजर आपोआप फिरते. सावलीकडे विशेष लक्ष द्यावे. संगणकात प्रत्येक वस्तूला सावली देता येते, पण उजेड एकाच दिशेने यावा. आणि कागदाची सावली अगदी पातळ, फुलाची थोडी पसरलेली असावी. एकाच पानावर दोन सूर्य उगवले की डोळ्यांना काहीतरी खटकते, काय ते मात्र सांगता येत नाही.

एक व्यावहारिक उदाहरण घेतलेले बरे. समजा, बडोद्यातील एखाद्या वाड्याच्या ओट्यावर काढलेले सात माणसांचे कृष्णधवल छायाचित्र आहे, चार इंच लांब आणि तीन इंच रुंद. इंचाला ६०० बिंदू या मानाने ते स्कॅन केले तर २४०० गुणिले १८०० बिंदू मिळतात; म्हणजे पानावर ते आठ इंच बाय सहा इंच इतके, दुप्पट मोठे, स्वच्छ छापता येते. उरलेल्या पट्टीत सात नावे, नाती, गाव, वर्ष आणि चार ओळींची हकीकत बसते. जिला मधली आत्या म्हणतात ती उभी कोठे आहे, आणि खालच्या पायरीवर बसलेला मुलगा घरचा की शेजारचा, हे लिहायला एवढी जागा पुरते. छायाचित्राची मागची बाजूही स्कॅन करावी. तेथे कधी स्टुडिओचा शिक्का असतो, कधी मोडीत लिहिलेली ओळ.

संचांची खरी अडचण येथेच सुरू होते. बहुतेक संच अमेरिकेतील ऋतूंसाठी आणि सणांसाठी केलेले असतात. शिशिरातली लाल पाने, भोपळे, हिमकण, नाताळची घंटा. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या पानावर हिमकण पडताना पाहून हसावे की काय करावे, हे कळत नाही. यावर उपाय घरातच आहे, आणि तो विकतच्या संचाहून सरस आहे. जुन्या लुगड्याचा काठ, क्रोशाचा रुमाल, लग्नात वाटलेला मंगलाष्टकांचा छापील कागद, पोस्टकार्डावरचा टपाली शिक्का, आजीच्या हातचे पाककृतीचे चिटोरे, दारातल्या ठिपक्यांच्या रांगोळीचे छायाचित्र, हे सारे स्कॅन करून किंवा टिपून, भोवतालचा भाग पुसून पीएनजी करून ठेवता येते. रविवर्म्याच्या लक्ष्मीला जरी लावणाऱ्या बायांनी केले तेच हे काम. असा घरगुती संच एकदा केला की पुढच्या पिढ्यांना पुरतो.

दुसरी अडचण अक्षरांची, आणि ती मराठी माणसाने नीट समजून घेण्यासारखी आहे. संचांत बऱ्याचदा सजवलेली अक्षरे चित्ररूपाने येतात : सव्वीस रोमन अक्षरे आणि दहा आकडे, एकेक सुटे. ती शेजारी शेजारी मांडली की शब्द होतो. देवनागरी अशी सुटी मांडता येत नाही. काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे कोणत्या अक्षराशेजारी काय येते त्यावर त्याचे रूप बदलते. मग पान करणारे हार मानून मराठी घराच्या पानावर इंग्रजी मथळा घालतात. पर्याय असा, की मथळा टंकातूनच टाकावा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू हे टंक विनामूल्य मिळतात. टायरो देवनागरी मराठी या टंकात ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाची नव्हे, मराठी वळणाची आहेत. काही आज्ञावलींत भारतीय लिप्यांसाठीची सोय मुद्दाम चालू करावी लागते. ती न केल्यास ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडते आणि जोडाक्षरे तुटून पाय मोडलेली दिसतात. पान छापण्यापूर्वी "वाऱ्यावर" आणि "विद्यार्थी" हे दोन शब्द टाकून पाहावेत. ते नीट उमटले तर बाकीचे बहुधा उमटतात.

आणि मजकूर युनिकोडमध्येच असावा. १९९० च्या दशकात देवनागरीचे जे टंक घरोघर वापरले गेले त्यांतील पुष्कळांची अंतर्गत सांकेतिक रचना निरनिराळी होती. त्या काळी जपून ठेवलेली फाईल आज तो टंक नसलेल्या संगणकावर उघडली तर मराठी मजकुराऐवजी रोमन चिन्हांची निरर्थक रांग दिसते. कागद कुजतो तो डोळ्यांना दिसत तरी असतो.

इतके सांगून झाल्यावर मुख्य मुद्दा येतो. संच जितका श्रीमंत तितका पानावरचा मजकूर कमी, असे अशी पाने चाळताना वारंवार दिसते. कोपऱ्यात फुलांचा गुच्छ येतो, त्याला फीत येते, फितीला गुंडी येते, आणि जिथे चार ओळी लिहायच्या तिथे "गोड आठवणी" असे दोन शब्द उरतात. कोणाच्या आठवणी, कोठल्या, कोणत्या वर्षीच्या, हे लिहिलेले नसते, कारण पान करणारीला ते ठाऊक असते. तिच्या नातीला ते ठाऊक नसेल. महाराष्ट्राबाहेर तीन-चार पिढ्या राहिलेल्या घरांत हा प्रश्न अधिक तीव्र आहे. नातवंडांचे शिक्षण गुजराती, हिंदी, कानडी वा इंग्रजी माध्यमातून झालेले; मोडी सोडाच, देवनागरीतले पत्रही ती अडखळत वाचतात. फोटोतील माणसांची नावे घरातल्या एखाद्या वृद्ध काकूंना तेवढी तोंडपाठ असतात. त्या गेल्या की एका दुपारीच सारी छायाचित्रे अनोळखी होतात. पगडी, नथ, वाडा सारे दिसत राहते, पण विचारायला कोणी उरत नाही.

म्हणून पान करताना मजकुराचे तावदान सर्वांत आधी मांडावे आणि अलंकार शेवटी. काकूंजवळ बसावे, छायाचित्र पडद्यावर मोठे करून दाखवावे आणि त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावे. मोठे केलेल्या चित्रात वृद्धांना असे काही दिसते की जे मूळच्या लहान फोटोत कधी दिसले नव्हते : भिंतीवरचे घड्याळ, कोनाड्यातला दिवा, मागे अर्धवट आलेला चेहरा. बोलणे तेथून सुरू होते. त्यांची संमती असेल तर त्यांच्या हस्ताक्षरातील एक ओळ स्कॅन करून पानावर ठेवावी. कोणत्याही संचातली फीत तिच्यापुढे फिकी आहे. आणि ज्या घरातील मुलांना मराठी वाचता येत नाही, तेथे मराठी मजकुराखाली त्यांना येणाऱ्या भाषेत दोन ओळी जरूर द्याव्यात. त्यात मराठीचा अवमान नाही.

संचांच्या वापराविषयी एक कायदेशीर सूचना, कारण स्मरणिका आणि अभिनंदनग्रंथ काढणाऱ्या मंडळांकडून येथे गफलत होते. बहुतेक संच वैयक्तिक उपयोगापुरत्या परवान्याने विकले वा विनामूल्य दिले जातात. घरच्या वहीसाठी तो परवाना पुरतो. विक्रीच्या पुस्तकात, जाहिरातीत अथवा शुल्क घेऊन दुसऱ्याचे पान करून देताना निराळी परवानगी लागते, आणि मूळ संच मित्रमंडळीत वाटणे तर सहसा वर्ज्यच असते. संचासोबत अटींची एक छोटी फाईल येते. ती कोणी उघडत नाही, उघडावी.

जतनाचे थोडक्यात. थरांची फाईल राखून ठेवावी, म्हणजे नाव चुकले तर दुरुस्त करता येते. परंतु ती विशिष्ट आज्ञावलीवर अवलंबून असते, म्हणून सगळे थर एकत्र केलेली दुसरी प्रत साध्या प्रकारात ठेवावी. प्रती किमान तीन, त्यांतील एक दुसऱ्या गावी, बहिणीकडे वा मुलाकडे. तबकड्या येतात आणि जातात. त्या वाचणारी यंत्रे त्यांच्याही आधी जातात. म्हणून प्रत्येक पान आम्लरहित कागदावर छापून घ्यावे. ग्रंथालयाला देणगी द्यायची असेल तर छापील पानाबरोबर नावांचा एक साधा कागद जोडावा, माणसांच्या उभे राहण्याच्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे.

आणि मूळ छायाचित्र? ते कोठेही चिकटवू नये. आम्लरहित कागदाच्या पाकिटात घालावे आणि पाकिटावर चिकटवहीतील पानाचाच क्रमांक घालावा. जुन्या कागदी फोटोच्या मागे, कडेला, मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहिले तर चालते, बॉलपेन वर्ज्य. अलीकडच्या प्लास्टिकचा लेप असलेल्या फोटोंवर पेन्सिल उमटत नाही, त्यांची नावे पाकिटावर लिहावीत, तीही फोटो आत घालण्यापूर्वी; नंतर लिहिल्यास अक्षरांचा दाब आतल्या चेहऱ्यांवर उठतो.